राजाच्या आधी बोलणारी

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९६९. आज दुपारी टेप ऐकून यादी करायची होती.

काम देशपांड्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. देशपांडे म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे नवे चिटणीस. तिशीचे, कारखान्यात इंजिनीअर, कामाला वाघ. कागदावर रकानेसुद्धा त्यांनीच आखून दिले. टेपरेकॉर्डरवर एक लहानशी खिडकी असते, तिच्यात आकडे फिरतात. डाव्या रकान्यात आवाज कुठल्या आकड्यावर सुरू होतो ते लिहायचं, उजव्या रकान्यात कुठल्या आकड्यावर संपतो ते. "तेवढ्या जागा पुसून टाकू, वहिनी," ते म्हणाले होते, "म्हणजे नाटक स्वच्छ ऐकू येईल." पुसायचा आवाज माझा होता.

कोजागिरीला मंडळात एक जुनी फिल्म दाखवायची ठरली आहे. 'संगीत धैर्यसेन' हे आमचं नाटक तेरा वर्षांपूर्वी चाळीस मिनिटांत बसवून घेतलेली ती फिल्म, आणि तिच्यातला राजा म्हणजे माझे सासरे. फिल्मचा आवाज वेगळ्या टेपवर आहे. मंडळातल्या मुलांनी संगीत नाटक पाहिलेलं नाही. पाच अंक ती बसून बघणार नाहीत, पण सिनेमा असला की बघतील, असं देशपांड्यांचं म्हणणं. तेरा वर्षांपूर्वी ती फिल्म करणारे लिमयेही हेच म्हणाले होते, जवळजवळ याच शब्दांत. नाटक सोपं करून दाखवायचा उत्साह दर बारा-तेरा वर्षांनी कोणाला तरी येतो, आणि डबे मात्र माझ्या ट्रंकेत राहतात.

जेवणं उरकली, भांडी घासून झाली, हे गिरणीत गेले, मुलगा कॉलेजात. पुढच्या खोलीत इकडच्या रीतीने नवरात्राच्या बाहुल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या, म्हणून देशपांड्यांनी आणून दिलेलं मशीन स्वयंपाकघरातच ठेवलं. ट्रंकेतून डबे काढले. डांबरगोळ्यांच्या वासाखाली शिळ्या ताकासारखा एक आंबूस वास होता. टेपची तीन स्पूलं. दोनांवर पहिलं आणि दुसरं असे आकडे. तिसऱ्यावर लिमयांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, 'उरलेलं'.

मशीन तापलं की त्याला एक वास येतो, धूळ जळल्यासारखा. पेट्रोमॅक्सला यायचा तसा. तेवढ्यावरून माझं लक्ष कामावरून उडालं, आणि पहिला रकाना बराच वेळ कोराच राहिला.

संक्रांतीचे एळ्ळु, म्हणजे तीळगूळ, वाटून झाले की आमच्याकडे तालमी सुरू होत. आमचं घराणं या गावात तीनशे वर्षांपासूनचं. घरात मराठी बोलायचं, दारात कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ कुठे होते ते कोणी बघत बसत नसे. मामंजींचं चिकपेटेत शिवणकामाचं दुकान. दुकान बंद करून ते आले की ओसरीवर चटई पडे, पायपेटी बाहेर निघे. तिची एक पट्टी दाबली की वर यायची नाही. वाजवणारा प्रत्येक वेळी करंगळीने ती उचलत असे, आणि पुढे पुढे तो आवाजही गाण्यातलाच वाटू लागला. तबल्यावर हातोडी, कॉफीचे पितळी पेले, अंगणातल्या मल्लिगेच्या फुलांचा वास, आणि या सगळ्यावर मामंजींचा आवाज. उंच नव्हता, रुंद होता. नवीन सतरंजी उलगडावी तसा यायचा.

रामनवमीच्या पंधरवड्यात नाटक. गुळाचं पानक आणि डाळीची कोसंबरी वाटून झाली की मंडळाच्या हॉलमध्ये नारळ फुटे, धुपाचा धूर पडद्याखालून प्रेक्षकांत जाई, तिसरी घंटा होई. नाटकात बावन्न पदं. गोष्ट अगदी साधी: राजा धैर्यसेन चहाडीवर विश्वास ठेवून सख्ख्या भावाला देशोधडीला लावतो आणि पाचव्या अंकात त्याची क्षमा मागतो. पण बावन्न पदांमुळे ती गोष्ट सकाळचं दूध येईपर्यंत चाले. पहिल्या रांगेतल्या बायका मांडीवर झोपलेली मुलं सांभाळत शेवटच्या पदाला माना डोलवत. सफेद्याचा, गोंदाचा, कापरात ठेवलेल्या रेशमी अंगरख्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत घरात राही. मामंजी खोबरेल तेल लावून तोंड पुसत, आणि कानांमागे थोडा रंग राहूनच जाई. राजा तसाच दुकानावर जाऊन गिऱ्हाइकाचं माप घेत असे.

मी या घरात आले धारवाडहून, एकवीस वर्षांची. वडील कचेरीत कारकून होते, त्यांच्याकडून मोडी वाचायला शिकले होते. ती पुढे इतकी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. नाटकाचं बाड मोडीत होतं. हाताने लिहिलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि ते सरळ वाचू शकणारे गावात दोघंच उरले होते: मामंजी आणि जुने प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर लेकाकडे मद्रासला गेले आणि बाड माझ्याकडे आलं. डाव्या विंगेत रॉकेलच्या खोक्यावर बसायचं, कंदिलाची वात कमी ठेवायची, आणि कोणी अडलं तर वाक्य सांगायचं. बाईमाणूस विंगेत बसणार म्हणून थोडी कुरकुर झाली. मग दुसरं कोणी सापडेना तेव्हा थांबली.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सून सासऱ्यांशी बोलत नसे. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. मामंजींना ताक हवं असलं तर ते सासूबाईंना सांगत, "तिला म्हणावं, ताक वाढ." मी दीड हातावर ताकाचं भांडं घेऊन उभी असे. सासूबाई सांगत, मग मी वाढत असे. मला काही विचारायचं झालं तर तेही सासूबाईंच्या मार्फत. फिल्म होईपर्यंतच्या आठ वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी थेट एक शब्द बोललो नव्हतो. विंगेतलं सोडून.

विंगेत काय होत होतं ते पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं. पहिल्या अंकात मामंजी दोनदा अडले. दुसऱ्या वर्षी प्रत्येक प्रवेशात. तिसऱ्या वर्षी मी वाक्य सांगितल्याशिवाय त्यांचं तोंड उघडेना. तोपर्यंत आमची एक पद्धत बसली होती. मी सपाट, भराभर, कोरड्या आवाजात वाक्य सांगायचे. ते एक श्वास थांबायचे, एक हात उचलायचे, आणि तेच वाक्य राजाच्या आवाजात बाहेर पडायचं. लोकांना तो थांबा आवडे. "अण्णांचा विराम बघा," असं म्हणत. राजा नेहमी डावीकडे सरकून का बोलतो हे कोणी विचारलं नाही. पदं मात्र त्यांना सगळी येत. बावन्नच्या बावन्न, तानांसकट. गद्यात पाय घसरतोय असं वाटलं की ते पुढचं पद उचलत, पायपेटीवाला पट्टी वर काढत पळत त्यांना गाठे, आणि मला तेवढ्यात पान शोधायला वेळ मिळे.

हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. घरात यावर बोलायची सोयच नव्हती. नवऱ्यालाही मी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

लिमये आमच्याकडे आले छप्पनच्या जानेवारीत, गावात येऊन वर्ष झाल्यावर. पुण्याचे, विमानाच्या कारखान्यात नोकरी, काकांनी विलायतेहून आणलेला सोळा मिलिमीटरचा कॅमेरा जवळ. कन्नड येत नव्हतं. दुकानदार "स्वल्प थांबा" म्हणाला की ते खरोखरच स्वल्प म्हणजे किती ते घड्याळात बघत. पण माणूस सरळ होता. रामनवमीचं नाटक त्यांनी आदल्या वर्षी पूर्ण पाहिलं होतं, आणि आजूबाजूची कॉलेजातली मुलं तिसऱ्या अंकाला उठून गेलेलीही पाहिली होती. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी मामंजींना सांगितलं की हे नाटक असंच चाललं तर पाच वर्षांत बघायला कोणी उरणार नाही. फिल्म करू. चाळीस मिनिटांची. जुनी भाषा तीच ठेवू, पण गोष्ट भराभर पुढे नेऊ. पदं चार ठेवू, बाकी काढू.

मामंजी म्हणाले, चार म्हणजे कोणती?

लिमये म्हणाले, ते आपण ठरवू. लोक पदांना कंटाळतात, अण्णा. तुमचं बोलणं ऐकायला ते बसतील. तुमचं गद्य म्हणजे काय आहे, तुम्हाला कल्पना नाही.

मी दाराआड उभी होते. मामंजींनी दाराकडे बघितलं नाही. बराच वेळ सुपारी कातरत राहिले, मग "सरी" म्हणाले. बरं, करू या.

कापायचं काम माझ्याकडेच आलं, कारण मामंजींखेरीज मोडी दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हती. आधी मी बाड बाळबोधीत उतरवलं. मग लिमये लाल पेन्सिल घेऊन यायचे, मी वाचायचे, ते खुणा करायचे. अठ्ठेचाळीस पदं मी माझ्या हाताने काट मारून काढली. प्रत्येक काटेबरोबर मला दिसत होतं की त्यांच्या पायाखालची एकेक फळी मी काढतेय. उरत होतं ते सगळं बोलणं.

फेब्रुवारीतले दोन रविवार. दिवे नव्हते म्हणून हॉलमागच्या अंगणात, उन्हात. आयुष्यभर पेट्रोमॅक्सखाली बघितलेला राजा मी पहिल्यांदा सकाळी दहाच्या उन्हात पाहिला. सफेदा भिंतीच्या चुन्यासारखा दिसत होता, मुकुटावरचा वर्ख सुटलेला, आणि मानेला घाम. पर्जन्यवृक्षाच्या फांदीवर कावळे. रस्त्यावरून बस गेली की लिमये हात वर करत आणि सगळे थांबत.

कॅमेऱ्याला किल्ली द्यावी लागे. एका किल्लीत तो अर्धा मिनिट चाले. त्यामुळे सगळं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. रंगभूमीवर मामंजी निदान वाहत जात. एका वाक्याचा धक्का पुढच्याला लागे. इथे प्रत्येक तुकडा मधूनच सुरू करायचा. त्यांना ते जमेना. लिमये म्हणाले, वहिनींची आता गरज नाही, चार वाक्यांचा तुकडा आहे, पाठ करून बोला. मामंजी समोर बघत उभे राहिले. कॅमेरा घरघरत होता. एक तुकडा वाया गेला, मग दुसरा. फिल्म महाग. तेव्हा सासूबाई खाली बसल्या होत्या, त्यांना मी हळूच म्हटलं आणि त्यांनी लिमयांना सांगितलं की सवय आहे त्यांना, ती असू दे. मग मी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, खांबामागे बसले. माइक त्याच खांबाला बांधलेला होता. दुसरीकडे कुठे बांधायला जागा नव्हती.

चार-पाच तुकडे झाल्यावर लिमयांनी टेप मागे फिरवली आणि कौतुकाने कानाचं यंत्र माझ्या हातात दिलं. ऐका तरी वहिनी, कसं यंत्र आहे. मी कानाला लावलं. आधी कावळा. मग एका बाईचा आवाज, अगदी जवळ, रुक्ष, भाजीवाल्याशी बोलावं तसा: "प्रधानजी, हा न्याय नव्हे, हा माझा राग आहे." मग थांबा. मग लांबून, खोल विहिरीतून आल्यासारखा राजा: "प्रधानजी, हा न्याय नव्हे. हा माझा राग आहे."

लिमये माझ्याकडे बघत होते. छान आलंय ना, म्हणाले.

मी म्हटलं, छान आलंय.

तेवढंच मी म्हटलं, आणि तेरा वर्षं ते मला पुरलं. सांगितलं असतं तर त्यांनी मला खांबामागून उठवलं असतं, मामंजी पुन्हा कॅमेऱ्यासमोर मुके उभे राहिले असते, आणि फिल्म तिथेच बंद पडली असती. नाही सांगितलं तर काय होईल ते मला नीट कळत होतं. मी मनाशी म्हटलं, हळू बोलू. पण हळू बोललं की त्यांना ऐकू येत नसे. दुपारपर्यंत मी पुन्हा नेहमीच्या आवाजात बोलत होते.

त्या वर्षी रामनवमीला नाटक झालं नाही, फिल्म झाली. संध्याकाळी हॉलमध्ये पांढरी चादर ताणली. पानक, कोसंबरी सगळं नेहमीसारखं. नारळसुद्धा फुटला, प्रोजेक्टरसमोर. कॉलेजची मुलं सगळी आली होती; त्या बाबतीत लिमयांचं खरं ठरलं. मामंजी पहिल्या रांगेत, नवं धोतर, सासूबाई शेजारी. मी बायकांत, मागे.

पहिलं पद झालं तोपर्यंत शांतता होती. मग राजा दरबारात आला आणि राजाच्या आधी मी बोलले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझा आवाज ताट पडल्यासारखा आला. मग राजाने तेच वाक्य म्हटलं. कोणीतरी फिसकन हसलं. पुन्हा मी, पुन्हा राजा. आता मुलं वाट बघायला लागली: मी बोलले की हसू, राजा बोलला की जास्त हसू. मागून कोणीतरी म्हणालं, "सूनबाईंचं राज्य आहे बरं का." दुसरा म्हणाला, "अण्णा, घरीसुद्धा असंच चालतं का?" आमच्यातल्याच एक म्हाताऱ्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं, सासऱ्यांना असं दरडावतात?" आणि त्या थट्टा करत नव्हत्या. सगळ्यांना एका दमात दोन गोष्टी कळल्या होत्या. राजाला एकही वाक्य येत नव्हतं. आणि घरात तोंड न उघडणारी सून त्यांना ते शिकवत होती.

मामंजींची पाठ मला दिसत होती. ती हलली नाही. पाचव्या अंकाच्या आधी मी उठून बाहेर आले आणि चपला न घालता घरी चालत गेले. शेवट मी पाहिला नाही. घरी येऊन तांदूळ निवडले. आधीच निवडलेले होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ते म्हणतायत, ताक वाढ. मी वाढलं. त्या वर्षानंतर मामंजी नाटकात उभे राहिले नाहीत. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणत. ते कारण मी कधी मानलं नाही. अंगरखा त्यांनी उसवून त्याच्या कापडाची देवघरासाठी झालर केली, मुकुट कोणाच्या तरी शाळेला दिला. नाटक बंद पडलं. लिमयांची बदली झाली. जाताना फिल्म आणि टेपचे डबे माझ्या हाती देऊन म्हणाले, तुमच्याकडे राहू द्या, वहिनी. मला वाटलं, फिल्म बिघडवली म्हणून हा माणूससुद्धा आपल्याकडून काहीतरी फेडून घेतोय. मामंजी एकसष्ट साली गेले. पदं ते शेवटच्या आठवड्यातही गुणगुणत. गद्य नाही.

आमच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता, त्यामुळे डबे उघडायचा प्रश्न आला नाही. असता तरी उघडले असते असं वाटत नाही.

तर आज दुपारी पहिलं स्पूल ऐकलं, दुसरं ऐकलं. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. एकशे सात जागा. सुरुवातीला स्वतःचा तो आवाज ऐकताना कानशिलं तापत होती; तिसाव्या-चाळिसाव्या जागेनंतर नुसते आकडे लिहीत होते. दोन वेळा मशीन थांबवून उठले, एकदा दूध उतू जात होतं म्हणून, एकदा उगाच. चार पदांत मी नाही. तिथे कावळेही गप्प आहेत. सगळं ऐकून झालं तेव्हा चार वाजले होते. 'उरलेलं' ऐकायची गरज नव्हती. ते दाखवायचंच नव्हतं. पण यादी करायची म्हणजे पुरी करायची, म्हणून लावलं.

वाया गेलेले तुकडे होते. बसचा भोंगा, लिमयांचं "थांबा, थांबा", कोणाचं तरी खोकणं. आणि मग दुसऱ्या रविवारचा तुकडा असावा, कारण मामंजींचा आवाज बसलेला होता. कॅमेऱ्याची घरघर थांबली, पण टेप चालूच राहिली. मी पाणी आणायला नळावर गेले होते. हे कसं कळलं तर लिमये विचारतात, वहिनी कुठे गेल्या, आणि मामंजी सांगतात, पाण्याला.

मग लिमये आवाज खाली करून म्हणतात, "अण्णा, एक सांगायचं होतं. वहिनींचा आवाज टेपवर येतोय. सगळीकडे येतोय."

"ठाऊक आहे," मामंजी म्हणतात. "मागल्या रविवारी तुम्ही मला ते कानाला लावून दिलंत की."

"मग त्यांना सांगू का, जरा हळू बोला म्हणून?"

"नको, नको. तिला काही सांगू नका. सांगितलंत तर ती गप्प बसेल. ती गप्प बसली म्हणजे मी काय करू?"

एक कावळा ओरडतो. मग लिमये म्हणतात, "लोक हसतील, अण्णा. तुम्हाला हसतील."

"हसतील." सुपारी चघळल्याचा आवाज येतो. "पुढच्या वर्षी तर उभं राहायलासुद्धा जमायचं नाही. गुडघे बघा माझे. यंदा नाटक पुरं होऊ दे. आणि तिचा आवाज चांगला आहे हो. आठ वर्षं ऐकतोय, शब्द पडला नाही कधी."

कळशी फरशीवर टेकल्याचा आवाज. "आली ती," मामंजी म्हणतात. "द्या किल्ली."

आणि मग मी, कोरडी, भराभर: "ज्या वाटेने मी त्याला घालवले, त्या वाटेवर आज मीच उभा आहे." आणि थांबा. आणि ते.

मी ते दुसऱ्यांदा लावलं नाही. मशीन बंद केलं आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागले. वांगी चिरली, रसम् टाकलं. कदाचित गुडघेच दुखत असतील. तेरा वर्षं मी त्या गुडघ्यांवर विश्वास ठेवला नाही. लिमयांनी डबे मला का दिले, कोणत्या स्पूलसाठी दिले, तेही आता विचारायची सोय नाही. त्यांचा पत्ता मंडळात कोणाकडे नाही. हे घरी आल्यावर म्हणाले, झाली का यादी? मी म्हटलं, झाली. खूप दमल्यासारखी दिसतेस, म्हणाले. दमले होतेच. एवढं काळजीपूर्वक वाहिलेलं ओझं खाली ठेवलं तरी खांदे लगेच सरळ होत नाहीत. आणि मला रागही आला होता. एवढं सांगायचं होतं तर सासूबाईंच्या मार्फत सांगता आलं असतं. ताक सांगत होते तसं.

आज बुधवार. सकाळी मुलाला डबा दिला आणि आठच्या बसने फिल्मचा डबा आणि पहिली दोन स्पूलं घेऊन देशपांड्यांकडे गेले. तिसरं घरीच ठेवलं. देशपांडे कोजागिरीच्या पत्रकाचा कच्चा छाप तपासत बसले होते. यादी कुठाय, म्हणाले. मी सांगितलं, यादी केली, पण देणार नाही. काही पुसायचं नाही, आहे तसं दाखवा. ते म्हणाले, "अहो वहिनी, मुलं हसतील." मी म्हटलं, हसतील. मागच्या वेळीही हसली होती.

मग मी पत्रक मागून घेतलं. पात्रांची नावं होती, पायपेटी, तबला, चित्रीकरण, सगळं होतं. तबल्याच्या खाली बोट ठेवून मी म्हटलं, इथे एक ओळ घाला: प्रॉम्प्टर. नाहीतर मुलांना कळणार नाही की ही मध्येच बोलणारी बाई कोण. ते त्यांना पटलं. पेन उघडून त्यांनी 'प्रॉम्प्टर' लिहिलं आणि थांबले. मग जरा ओशाळून विचारलं, "वहिनी, तुमचं नाव काय?" एकवीस वर्षं मी त्या मंडळात जाते-येते.

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. मी कागद माझ्याकडे वळवून घेतला, बरोबर लिहिलंय का ते वाचून पाहिलं, आणि परत दिला.